निवृत्त अपडाऊनवाला

कर्जतच्या बाजारात सकाळी साडेनऊच्या सुमाराला मेथीची जुडी हातात धरून घड्याळ बघणारा, साठी उलटलेला गृहस्थ दिसला की ओळखावं. मेथी घेऊन झालेली असते, सुट्टे पैसे परत मिळालेले असतात, घर सात मिनिटांवर असतं. पण इतक्या लवकर घरी जाऊन करायचं काय, हे ठरलेलं नसतं. घाईचं कारण संपलं आणि घाई तेवढी अंगात राहिली, अशातला हा माणूस. निवृत्त अपडाऊनवाला. कर्जत, भिवपुरी, नेरळ, खोपोली या पट्ट्यात तो गल्लीला एक या हिशेबाने सापडतो. कुणी बँकेत होता, कुणी गोदीत, कुणी मंत्रालयात. निवृत्त झाल्यावर सगळे एकाच वळणावर जातात, म्हणून सोयीसाठी आपण त्या सगळ्यांना मिळून नाना म्हणू.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कर्जत शंभर किलोमीटर. लोकलने जायला दोन तास, यायला दोन तास, आणि गाडी रखडली तर मग तिला धरबंध नाही. नानांनी हे पस्तीस वर्षं केलं. त्या पस्तीस वर्षांत त्यांनी कर्जत पाहिलं ते बहुतेक अंधारातच. रविवार असायचा, पण तो झोप, रेशन आणि लग्नं यांच्यात वाटला जायचा. मुंबईत कुणी विचारलं की नाना ऐटीत सांगायचे, "आम्ही कर्जतला राहतो." राहणं म्हणजे झोपणं, इतकं खोलात तिथे कोण शिरतो! फोर्टात कुठल्या गाडीवरचं सँडविच चांगलं आणि मस्जिद बंदरला काजू कुठे स्वस्त, हे त्यांना तोंडपाठ. आपल्याच गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे, हे मात्र त्यांना निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी कळलं. ते घरी यायचे त्या वेळी तिचं शटर खाली असायचं. इतकी वर्षं नाना तिला गॅरेज समजत होते.

तांदळाचा किस्सा तर सांगायलाच हवा. नाना वर्षानुवर्षं मुंबईहून तांदूळ आणायचे. पाच-पाच किलोच्या पिशव्या सीटखाली ढकलून, ठाण्यापासून बदलापूरपर्यंत लोकांचे पाय त्यावर पडू नयेत म्हणून डोळ्यांत तेल घालून. का, तर मुंबईत स्वस्त पडतो. आणि आणायचे कुठे, तर कर्जतला! कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधनाचं केंद्र इथेच आहे. कर्जत-३, कर्जत-७ ही वाणं याच मातीत तयार झाली आणि बियाणं होऊन बाहेरच्या शेतांत गेली. भात कर्जतहून निघत होता आणि नाना तो उलट्या दिशेने वाहून आणत होते. काकू, म्हणजे नानांच्या सौभाग्यवती, ती पिशवी निमूट डब्यात रिकामी करायच्या आणि इडलीच्या पिठाला वापरायच्या. रोजचा भात दारावर येणाऱ्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या तांदळाचा. हे नानांना अजून कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी नाना पहाटे चारला उठले. गजर न लावता. त्यांचं ठीक आहे, पण डब्यासाठी तितकीच वर्षं चारला उठलेल्या काकूंनी निरोप समारंभाच्या रात्रीच जाहीर करून टाकलं होतं, "उद्यापासून मी साडेसहाच्या आत उठायची नाही. भूक लागली तर हाक मारू नका." नाना स्वयंपाकघरात एकटे. साखरेचा डबा सापडेपर्यंत एव्हाना गाडीने भिवपुरी सोडलं असतं, असं त्यांनीच नंतर सांगितलं. चहा झाला. तो त्यांनी उभ्यानेच प्यायला, एका हाताने वरच्या कपाटाची कडी धरून. घर हलत नाही हे पायांना कळायला आणखी काही महिने जावे लागले.

चहा झाला की नाना स्टेशनवर जातात, आपल्या गाडीला सोडायला. अपडाऊनवाल्याचा डबा ठरलेला, डब्यातला दरवाजा ठरलेला आणि ग्रुपही ठरलेला. दसऱ्याला डब्याची पूजा, झेंडूची तोरणं, पेढे, मंगळवारचं भजन, सगळं त्या ग्रुपबरोबर. नानांना निरोपाची शाल आणि नारळ याच डब्यात मिळाला, बदलापूर सुटल्यावर. भाषणं कल्याणच्या आत आटोपावी लागली, कारण पुढे वक्त्याला हात हलवायला जागा उरत नाही. आता रोज पहाटे नाना फलाटावरून त्या खिडकीशी उभे राहून पाच वाक्यं बोलतात आणि गाडी सुटली की हात करतात. खिडकीत त्यांच्या जागी नेरळचा एक तरुण बसायला लागलाय. तो नेरळला चढतो, तोवर जागा रुमाल टाकून धरलेली असते. नानांना हे पसंत नाही. कर्जतकराचा हक्क आहे तो! गाडी जिथून सुटते तिथला माणूस सकाळी राजा असतो; संध्याकाळी टर्मिनसवर त्याचा भिकारी होतो ती गोष्ट वेगळी.

आता, फलाटावर नुसतं उभं राहायलाही तिकीट लागतं. रोज फलाट तिकीट काढायचं हे नानांच्या हिशेबी डोक्याला पटेना. पास संपला त्या दिवशी ते खिडकीवर गेले आणि कर्जत ते भिवपुरी रोड असा पास काढून आले. जवळात जवळचं स्टेशन, सगळ्यांत स्वस्त. त्या पासावर नाना भिवपुरीला आजतागायत गेलेले नाहीत. पास मात्र संपायच्या आदल्या दिवशी नवा होतो.

गाडी गेली की स्टेशनबाहेर टपरीवर चहा. इथे बाकीचे नाना जमलेले असतात. टपरीला दोन बाक आहेत, समोरासमोर. प्रत्येकावर तीन माणसं ऐसपैस बसतील. पण नाना लोक एकाच बाकावर चौघं बसतात आणि समोरचा रिकामा राहतो. ज्यांनी मुंबईची लोकल केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: तिघांच्या सीटवर चौथ्याने टेकायचं, अर्धं शरीर आत आणि अर्धं बाहेर, ही चौथी सीट. ती मागायची नसते. चौथा येऊन उभा राहिला की तिघांनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता इंच इंच सरकायचं असतं. टपरीवर मी हे स्वतः पाहिलेलं आहे. चौथे नाना आले, तिघे सरकले, चौथे एका मांडीवर टेकले आणि एक पाय रस्त्यावर ताणून कटिंग पिऊ लागले. समोरच्या बाकावर कुत्रा झोपला होता. चहावाल्याने एकदा सुचवून पाहिलं, "काका, तिकडं बसा की आरामात." चौघांनीही त्याच्याकडे असं बघितलं की त्याने परत विषय काढला नाही.

वड्याबद्दल नानांचं मत विचारू नये, कारण ते दिल्याशिवाय राहत नाहीत. कर्जतचा वडा प्रसिद्ध का, याचं उत्तर बाहेरचे लोक चटणीत शोधतात. नाना ते इंजिनात शोधतात. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतच्या पुढे बोरघाट चढायचा असतो. चढ ३७ ला १, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. एकट्या इंजिनाला हे जड, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणायचं. १८६३ साली घाटातून गाड्या सुरू झाल्या तेव्हापासून कर्जतला थांबणं गाड्यांच्या नशिबी आलं, आणि थांबलेल्या गाडीतल्या माणसाला भूक लागते. दिवाडकरांचा वडा पुण्यामुंबईच्या दोन-तीन पिढ्यांच्या तोंडी बसला तो याच थांब्यात, खिडकीतून हात बाहेर काढून.

"आमच्या लोकलला बँकर लागत नाही, म्हणून आम्हाला वडा लागला नाही," असं नाना म्हणतात आणि ते अक्षरशः खरं आहे. नोकरीच्या काळात त्यांनी स्टेशनवर वडा खाल्लाच नव्हता. पहाटे वेळ नाही, रात्री गाडी थांबायच्या आत उडी मारून रिक्षा गाठायची. आता ते राहून गेलेलं काम रीतसर चालू आहे. आठवड्यातून एकदा, दुपारच्या सुमाराला, पुण्याकडची गाडी बघून नाना फलाटावर जातात. गाडी थांबते, नाना वडा घेतात. मागे बँकर लागल्याचा धक्का डब्याडब्यातून पुढे सरकत येतो तेव्हा अर्धा संपलेला असतो. गाडी हलायला लागली की नाना शेवटचा घास घाईघाईने तोंडात टाकतात आणि गाडी गेलेल्या दिशेने बघत हात पुसतात. स्वतःला कुठेही जायचं नसताना! एकदा भाच्याने कागदात बांधून वडे घरी आणले. नानांनी एक खाल्ला आणि म्हणाले, "चव तीच आहे रे, पण सुटण्याची भीती नाही."

खोपोलीचे नाना हे वेगळंच प्रकरण. कर्जत ते खोपोली पंधरा किलोमीटरचा एकेरी फाटा आहे. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि खोपोली. गाड्या मोजक्या. एक चुकली की कर्जतच्या फलाटावर बसून राहायचं. त्यामुळे खोपोलीच्या नानांना कर्जत कर्जतकरांहून जास्त माहीत असतं, आणि थांबण्याचा त्यांना मुळीच त्रास होत नाही. हा गुण जुना असावा. रेल्वे खोपोलीपर्यंत आली १८५६ साली आणि घाट चढून वर गेली १८६३ साली. मधली सात वर्षं पुण्याकडचे लोक खोपोलीला उतरून पालखीत नाहीतर तट्टावर बसून घाट चढत होते. थांबलेल्या माणसांचं करायचं काय, हे खोपोलीला तेव्हापासून ठाऊक.

खोपोलीचे नाना संध्याकाळी तळ्याकाठी बसतात. तळं आणि शेजारचं महादेवाचं देऊळ नाना फडणवीसांनी बांधलं. "तेही नानाच," असं हे नाना न चुकता सांगतात, आणि समोरचा हसेपर्यंत पुढे बोलत नाहीत. मग ते टाटांच्या वीजघरावर येतात. वर लोणावळ्याकडची धरणं, खाली खोपोलीत वीजघर, आणि १९१५ पासून मुंबईला वीज. "आमचं पाणी पडलं म्हणून तुमच्या गिरण्या फिरल्या." भेळ संपेस्तोवर मुंबईची एकेक गिरणी त्यांनी चालू केलेली असते. त्यांना दुःख एकच. मुलगा द्रुतगती मार्गाने गाडीतून येतो तो खालापूरच्या टोलनाक्यापाशी फूड मॉलला थांबतो, तिथे मुलांना काय हवं ते चारतो आणि घर हाकेच्या अंतरावर राहिलेलं असताना पोट भरून येतो. घरी आजीने सकाळपासून घावन आणि नारळाचं दूध करून ठेवलेलं. मला विचाराल तर त्या टोलनाक्यावर टोलबरोबर 'पुढे आजी आहे' अशी पाटी लावायला हवी.

आता कॉफी. कर्जतच्या आसपास फार्महाऊस उगवली, मग शनिवार-रविवारचे पाहुणे आले, आणि त्यांच्या मागोमाग काचेचे दरवाजे लावलेली कॉफीची दुकानं आली. नानांची मुलगी ठाण्याहून आली होती, तिने त्यांना तिथे नेलं. आत शिरताच नानांनी खिशातून रुमाल काढून खिडकीपाशी खुर्चीवर टाकला आणि मग काउंटरकडे गेले. मुलगी म्हणाली, "बाबा, सगळं दुकान रिकामं आहे." नाना म्हणाले, "अंबरनाथला भरतं." थोड्या वेळाने दुकान खरंच भरलं. एक तरुण जोडपं जागा शोधत उभं राहिलं, तसे नाना आपसूक सरकले आणि खुर्चीच्या अर्ध्या भागावर हात थोपटून त्या मुलाला म्हणाले, "ये, टेक." तो मुलगा अजून तालुक्यात कुठेकुठे ही गोष्ट सांगत असेल.

कॉफी आली, नानांनी ती तीन घोटांत संपवली आणि उठले. मुलीने हात धरून परत बसवलं. "अहो, इथे बसायचं असतं." किती वेळ? हवा तेवढा. कुणी उठवत नाही? नाही. हे नानांना फार वेळ पचलं नाही. मग बिल आलं, आणि दोन कॉफ्या व एक ब्राउनी यांच्या पैशात मुंबईचा महिन्याचा पास निघतो असा हिशेब त्यांनी टिश्यू पेपरवर मांडून दाखवला.

परत पाऊल ठेवणार नाही म्हणाले, आणि मंगळवारी एकटेच गेले. मंगळवारी तिथे कुणी नसतं. यंत्रामागे कशेळ्याकडच्या वाडीतला एक मुलगा असतो. त्याने पहिल्यांदा "आजोबा" म्हटलं, ते नानांनी दुरुस्त करून "काका"वर आणलं, आणि मग दोघांचं जमलं. नानांच्या मते कॉफीत जायफळ नसेल तर ती कॉफी नव्हे. आपल्याकडे कॉफी म्हणजे दूध, साखर आणि वर जायफळ, आणि तीही कुणी आजारी असेल किंवा कोजागरीची रात्र असेल तर. पुढच्या खेपेला नाना शर्टाच्या खिशातून जायफळ आणि छोटी किसणी घेऊन गेले. मुलाने फेसावर किसून दिलं. बाजूच्या टेबलावरच्या बाईंनी वास घेऊन विचारलं, हे काय आहे? आता त्या दुकानाच्या फळ्यावर जायफळाची कॉफी लिहिलेली आहे आणि ती साध्या कॉफीहून महाग आहे. नानांना त्यात काही मिळत नाही. त्यांची कॉफी मात्र स्टीलच्या पेल्यात येते, चटका बसेल इतकी गरम, आणि संपवायला त्यांना आता बारा मिनिटं लागतात. प्रगती आहे.

घरच्या जेवणाकडे मी मुद्दाम उशिरा येतोय, कारण नानाही तिथे उशिराच पोचले. डब्यात रस्सा नेता येत नाही. गर्दीत डबा आडवा होतो आणि बॅगेला महिनाभर वास राहतो. म्हणून कोबी, बटाटा, भेंडी, मटकी, सगळं कोरडं. चार पोळ्या घडी घातलेल्या, गार. रात्री नऊ वाजता उरलंसुरलं गरम करून. आपल्या घरात आमटी, कालवण हे सणासुदीचे प्रकार आहेत अशी नानांची प्रामाणिक समजूत होती. निवृत्तीनंतर एका बुधवारी दुपारी बारा वाजता त्यांच्यासमोर ताट आलं. त्यात तव्यावरून उतरलेली, अजून फुगलेली तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलांचं कालवण आणि बाजूला कांदा. नानांनी विचारलं, "आज काय आहे?" काकू म्हणाल्या, "बुधवार."

त्या घरात ती बुधवारची दुपार इतकी वर्षं होतच होती. फक्त नाना फोर्टात होते.

मग त्यांना बाजाराची हौस चढली. पावसाच्या तोंडावर कर्जतच्या रस्त्यांवर ठाकर आणि कातकरी बाया रानातली भाजी घेऊन बसतात. करटोली, कुर्डू, भारंगी पावसाबरोबर येतात. त्यांच्याही आधी येतात शेवळं. जांभळट तपकिरी रंगाचे, टोकदार कोंब, जुडी बांधून. नानांनी लहानपणी आईच्या हातची खाल्ली होती. जुडी उचलली, भाव केला. बाईने बरोबर मूठभर हिरवी आंबट फळं पुढे केली, "काकडं घ्या." नाना मुंबईत मुरलेले. त्यांना वाटलं ही बाई नको ते गळ्यात मारतेय. "फक्त हीच दे," म्हणाले. "घशाला खाजंल, बाबा." "आम्हाला नाही खाजत."

काकू त्या दिवशी भिशीला गेलेल्या. नानांनी मोठ्या उत्साहाने स्वतः शेवळं चिरली, स्वतः परतली. ज्यांना माहीत आहे ते आत्ताच हसायला लागले असतील. शेवळाला खाज असते आणि ती मारायला काकडाच्या फळाचा आंबट रस लागतो. काकडं मिळालीच नाहीत तर निदान चिंच-आमसूल तरी हवं. जेवताना पहिल्या दोन घासांना काही कळलं नाही. तिसऱ्याला नानांचा घसा, काकूंचा घसा आणि रात्री मुक्कामाला आलेल्या मेहुण्यांचा घसा एकदमच बोलू लागला. काकूंनी कोकमाचं आगळ काढलं, ताटल्या बाजूला केल्या, आणि त्यांच्या तोंडून एकही शब्द निघाला नाही. नाना सांगतात की बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी नाना बाजारात तक्रार घेऊन गेले. बाईने त्यांना नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुमी काकूंचे का?" ती काकूंना लग्नानंतरच्या पहिल्या पावसापासून ओळखत होती, कारण तेव्हा तिची आई तिथे बसायची. काकडांची मूठ तिने पिशवीत टाकली आणि पैसे घेतले नाहीत. "काकूंला सांगा, तुमच्या माणसाला दिलीती मी, त्यानी घेतली नाय." बँकेत नानांच्या सहीशिवाय चेक पुढे सरकत नव्हता. इथे बाजारात, गिरणीत, डेअरीत, औषधाच्या दुकानात त्यांची ओळख एकच: काकूंचे.

पोपटीलाही तेच. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शेताच्या बांधावर पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी आणि तोंडाला भांबुर्डीचा पाला, मध्ये मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, जमलं तर मसाला चोळलेली कोंबडी. पाण्याचा थेंब नाही. मडकं पालथं घालायचं आणि भोवती काटक्या, पेंढा पेटवायचा. पोपटी लावणारा गावात एखादाच असतो, आणि त्याच्या कामात कुणी बोलायचं नसतं. नानांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं. "किती मिनिटं?" तो म्हणाला, "होईल." "होईल म्हणजे किती?" तो माणूस वास घेत बसला होता. मडक्यावर पाणी शिंपडलं की चर्र होऊन लगेच उडून जायला हवं, हे त्याचं घड्याळ. पंचविसाव्या मिनिटाला नानांनी "लेट झाली" म्हणून जाहीर केलं. एकतिसाव्याला अमुक दिशेने वारा आहे, म्हणून जाळ कमी लागला असणार, असं कारणही त्यांनी दिलं. त्याने शेवटी पाणी शिंपडलं, मडकं काठीने उचललं आणि पहिली वाफाळलेली शेंग नानांच्या हातात दिली. तोंड बंद करायला यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही.

खरी परीक्षा मात्र सकाळी अकराची होती. घरातली पुरुषमंडळी आणि पोरं बाहेर पडली, नळ गेला, वरण-भाताचा कुकर उतरला, की काकूंच्या स्वयंपाकघरात चहा होतो. समोरच्या वहिनी, वरच्या मजल्यावरच्या मावशी आणि निवृत्त मुख्याध्यापिका बाई. ओट्याशी काकू, खिडकीपाशी मावशी, बाकीच्या दोघी स्टुलांवर. कधी भाजलेले पापड, कधी उकडलेल्या शेंगा. हा ग्रुप नानांच्या लोकलच्या ग्रुपइतकाच जुना, आणि नानांना त्याचा पत्ता नव्हता. निवृत्तीनंतर ते पहिल्यांदा अकराला आत डोकावले तेव्हा चौघी एकदम गप्प झाल्या. पुरुष आत आल्यावर बायका गप्प होतात तशा नव्हे. चालू गाडीत अनोळखी माणूस चढल्यावर जुने प्रवासी होतात तशा. नाना चहा घेऊन हॉलमध्ये गेले.

मग त्यांनी साहेबी उपाय केले. भिशीची वही नीट मांडून देतो म्हणाले. वही बाईंच्या ताब्यात आहे, असं कळलं. पापड कुठे स्वस्त मिळतात ते सांगितलं. चौघींना त्याहून स्वस्त ठिकाण माहीत होतं. रस्ता उघडला तो वालाने. कडवे वाल भिजवून, मोड आणून सोलायचे, त्याला डाळिंब्या म्हणतात, आणि बिरडं करायचं म्हणजे त्या एकेक करून सोलणं आलं. काम किचकट, वेळखाऊ. लोकलच्या महिला डब्यात परतीच्या वाटेवर बायका मटार सोलतात, पालेभाजी निवडतात. त्याच वेळी पुरुषांच्या डब्यात पत्ते चालू असतात. पस्तीस वर्षं पत्ते पिसलेली नानांची बोटं वालावर बसली आणि डाळिंब्या भराभर सालीबाहेर पडू लागल्या, एकही न मोडता. मावशींनी पातेल्यात डोकावून बघितलं. वहिनींनी आपल्या घरचे भिजवलेले वालही आणून ठेवले. दुसऱ्या दिवशी अकराला नाना दारात आले तेव्हा कुणी काही बोललं नाही. मुख्याध्यापिका बाई पापड मोडता मोडता स्टुलासकट इंचभर सरकल्या.

आता नाना तिथे रोज बसतात, पिठाच्या डब्यावर, एक पाय दाराबाहेर. खिडकी अजून मावशींकडेच आहे.

तुम्ही कधी कर्जतला उतरलात आणि नानांकडे जायचं मनात आलं, तर अकराच्या सुमाराला जाऊ नका. त्यांना स्वतःलाच नीट बसायला मिळत नाही. दुपारी चारनंतर जा. वडे बांधून नेऊ नका. आणि पावसाच्या तोंडावर जात असाल तर वाटेत शेवळं घ्या, पण बाई काकडं देईल ती आधी पिशवीत टाका, भाव मग करा.